पदव्या तोंडपाठ आहेत, प्रबंधांचं काय?

१४ एप्रिल आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नाक्यानाक्यावर बॅनर लागतात. त्यांवर बाबासाहेबांच्या पदव्या ओळीने छापलेल्या असतात. आपल्याला त्या तोंडपाठ आहेत. पण त्यांसाठी बाबासाहेबांनी नेमका कशाचा अभ्यास केला, असं विचारलं तर आपल्यातले किती कार्यकर्ते उत्तर देतील?

उत्तर सोपं आहे. सरकार पैसा कोणाकडून घेतं, कोणावर खर्च करतं, याचा. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार तपासला. पीएच.डी.साठी प्रांतांचा जमाखर्च घेतला. लंडनच्या डी.एस्सी.साठी रुपयाचा प्रश्न घेतला. तो ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. आज विद्यापीठांत 'सार्वजनिक धोरण' म्हणून जे शिकवतात, ते याहून वेगळं काय आहे?

हे शिक्षण सुखासुखी झालं नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. शिष्यवृत्ती थांबली की काय होतं, हे आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. १९१८ साली बाबासाहेबांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात जाते, असं तेव्हाचे विद्वान म्हणत होते. बाबासाहेबांनी ते खोडून काढलं. खरी उणीव भांडवलाची आणि अवजारांची आहे, जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, म्हणून उद्योग वाढवा, असं त्यांनी मांडलं. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात लहान जमिनींबाबतचं विधेयक आलं. सभागृहात बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. लहान शेतकरी यातून भूमिहीन होईल, त्यापेक्षा सहकारी शेती आणा, असं ते म्हणाले. नऊ वर्षांपूर्वीचं संशोधन गरिबाच्या बाजूने सभागृहात उभं राहिलं.

आपल्यातल्या अनेकांचे आजे गाव सोडून इथल्या कारखान्यांत आले. बाबासाहेबांनी सांगितलेला उद्योग अंबरनाथ-बदलापुरात उभा राहिला. पण कंत्राटी कामावर कोण आहे आणि कायम नोकरीत कोण? वालधुनी नदीत रसायनाचं पाणी येतं, तेव्हा काठावर कोणाची वस्ती असते? दलित वस्तीसाठी आलेला निधी कोणत्या रस्त्यावर खर्च होतो? यावर आपण भाषणं खूप केली. आकडे मात्र गोळा केले नाहीत. आकडे नसले की अधिकारी आपलं निवेदन घेतो, शिक्का मारतो आणि बाजूला ठेवतो.

म्हणून एम.ए. करणाऱ्या भावाबहिणींना विनंती आहे. प्रबंधाचा विषय दूर शोधू नका. आपल्या पालिकेचा अर्थसंकल्प मिळवा, माहितीच्या अधिकारात खर्चाची कागदपत्रं मागवा, वस्तीत घरोघर जा. निघेल ते रविवारी विहारात सगळ्यांसमोर मांडा. पुढचं निवेदन त्या आकड्यांवर लिहू.

जयभीम!