साहेबांना न दिसलेला वायतुरा

कासच्या पठारावर मी जुलैत जातो, फुलांच्या गर्दीआधी. धुके, आडवा पाऊस आणि जांभ्याच्या खळग्यांत साचलेले जेमतेम वीतभर पाणी. त्यातून एक देठ वर येतो आणि टोकाशी त्याला गलोलीच्या बेचक्यासारखे दोन फाटे फुटतात. हा वायतुरा.

इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा तुरा, म्हणून वायतुरा. म्हणजे हे नाव शाळेत इंग्रजी गिरवलेल्या कुणीतरी ठेवलेले, अलीकडचे. शास्त्रीय नावही तसेच नवे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला, त्यात ही जात नाही. साताऱ्याच्या उशाशी फुलणाऱ्या या झाडाला ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ हे नाव मिळाले १९८२ साली. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या तिघांनी ते दिले.

इतका उशीर का? मला कारण ऋतूत दिसते. इंग्रज साहेबांचा डोंगरावर येण्याचा मोसम उन्हाळ्याचा. पाऊस लागला की महाबळेश्वर रिकामे व्हायचे. उन्हाळ्यात या खळग्यांत काय दिसणार? तडकलेली माती. झाड तेव्हा खाली कंदात झोपलेले असते.

ओळखताना दोन तुरे शेजारी धरून बघावेत, कारण यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराच्या तुऱ्यावर गुलाबी-जांभळी झाक असते, मादीचा त्यामानाने फिका. पहिल्यांदा मी त्या दोन जाती समजलो होतो.

एका मित्राच्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या कातळमाळावरचे, मूठभर बी आणून मी घरी लावले. ताजे बी लगेच रुजले. काळी माती घातली, बारा महिने पाणी ठेवले आणि पुढच्या वर्षी कंद हाताला लिबलिबीत लागले, कुजलेले. मग पसरट कुंडीत जांभ्याची खडेदार माती भरली, वर पावसाचे पाणी, आणि दिवाळीनंतर कुंडी तशीच वाळू दिली. मे अखेरीस तिच्यात जीव आहे असे कुणी म्हटले नसते. मृगाच्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत पानांची टोके वर आली.

या झाडाला पाण्याइतकाच कोरडा काळ लागतो. म्हणून सड्यावरचे खळगे ‘पडीक’ म्हणून मुरूम टाकून बुजवू नका, आणि कासवरचा कंद उपटून आणू नका. जुलैत छत्री घेऊन जा आणि तिथेच पाहा.