एकच पुस्तक सांगा, सर



गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या एका अभ्यासिकेत मुलांशी चार शब्द बोलायला गेलो होतो. लातूरच्या अभ्यासिका तुम्ही पाहिल्या असतील. पत्र्याचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा आणि त्या दिव्याखाली खाली घातलेली एक मान. भाषण संपल्यावर मुखेडकडची एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, परीक्षेला नसलेलं एखादं पुस्तक सांगा ना. पण एकच सांगा. जास्तीला वेळ नाही."

मी आयुष्यभर शिकवण्याचं काम केलेला माणूस. दहा नावं सांग म्हणाली असती तर तिथल्या तिथे सांगितली असती. एकच म्हटल्यावर जीभ अडली. "कळवतो बेटा," असं म्हणून मी निघालो. लातूरहून नांदेडला येणाऱ्या एसटीत चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं, तरी माझं नाव ठरेना. मनात मात्र दुसराच प्रश्न आला. आपल्या भागात आजवर कोणी कोणाला पुस्तक सांगितलं आणि कसं सांगितलं? आजचं बोलणं त्याविषयी आहे.

नांदेड हे तसं ग्रंथाचं गाव. १७०८ साली, देह ठेवण्यापूर्वी, गुरू गोविंदसिंगांनी यापुढे ग्रंथच गुरू असेल असं सांगितलं ते इथेच, गोदावरीच्या काठी. ग्रंथाला गुरूची गादी मिळालेली गावं जगात फार नसतील. पण तो झाला पूजेचा ग्रंथ. मी बोलतोय ते हातोहात फिरणाऱ्या, पानं दुमडलेल्या पुस्तकांबद्दल.

ती पुस्तकं इथं यायची कशी? नकाशा उघडून बघा. नांदेडला रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर, निजामाच्या राज्यातली, मनमाडहून सिकंदराबादला जाणारी मीटरगेज. लातूरला आली ती १९११ मध्ये. ती 'बार्शी लाइट', खासगी कंपनीची, अरुंद रुळांची गाडी. ती थेट ब्रिटिश मुलखातल्या बार्शी-कुर्डुवाडीकडे जायची. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापाराचं गाव होतं, जिल्हा झाला तो १९८२ साली. दोन्ही गावं एकाच राज्यातली, पण एकाचं तोंड हैदराबादकडे आणि दुसऱ्याचं सोलापूर-पुण्याकडे. पुण्याचं छापील मराठी लातूरला आडतीच्या मालाबरोबर आलं असणार असं मला नेहमी वाटतं. नांदेडच्या शिकणाऱ्या पोराला मात्र मराठी वाचायला मिळायचं तेही पुष्कळदा हैदराबादला गेल्यावर.

आणि हैदराबाद राज्यात मराठी वाचणं ही साधी गोष्ट नव्हती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण ती देशी भाषा उर्दू होती. राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे. त्यात १९२० नंतरच्या दशकात 'गश्ती निशाण ५३' लागू होती. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढा, असा त्याचा मतलब. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशनं त्या काळात काकिनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशी राज्याबाहेर भरली ती उगीच नव्हे.

सभा भरवता येत नाही, तर माणसं एकत्र येणार कुठे? ती वाचनालयात आली. तेलुगू मंडळींनी हैदराबादला १९०१ मध्येच श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् काढलं होतं. मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं ते १९२२ साली. वसमत भागातून हैदराबादला जाऊन वकिली आणि पुढे न्यायदानाचं काम केलेले केशवराव कोरटकर, तसेच वामनराव नाईक, यांच्या पिढीने शाळा आणि वाचनालयं यांवर जोर दिला. चार माणसं एका टेबलाभोवती बसून वर्तमानपत्र वाचतात, एक मोठ्याने वाचतो आणि तिघं ऐकतात. आता याला सभा म्हणायचं की नाही? पोलिसांनाही तो प्रश्न पडत असेल.

आमच्या वाड्यात एक काका होते. त्यांची शाळा उर्दूतून झालेली. मराठी अक्षर ते घरी, ज्ञानेश्वरीवर शिकले. ते सांगायचे की, त्यांच्या तरुणपणी पुस्तक 'दोन रात्रींच्या बोलीवर' मिळायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुढच्या घरी पोचलं पाहिजे. देणारा पुस्तक देताना एक वाक्य बोलायचा. तेच त्याचं परीक्षण. "यातलं मधलं प्रकरण सोडू नकोस" किंवा "शेवट पटला नाही, तू बघ." परत देताना घेणाऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर पुढचं पुस्तक मिळत नसे. काकांचं वाचन फार नव्हतं, पण वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर त्यांचं स्वतःचं मत असायचं. त्याचं कारण ही बोली असावी.

या उर्दूची एक गंमतही सांगितली पाहिजे. निलंग्याला १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामी राज्यातले सनदी अधिकारी झाले. उर्दू-फारसी त्यांना अंगवळणी पडलेली. आदिवासी भागात नेमणूक झाली तर तिथली गोंडी शिकून त्यांनी तिच्यावरही लिहिलं. पुढे मोगलांचे फारसी कागद मराठीत आणून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना मोठं धन मोकळं करून दिलं. ज्या भाषेखाली मराठी दबली म्हणून आपण हळहळतो, त्याच भाषांच्या वाटेने शिवकालाचा मजकूर आपल्याकडे परत आला. त्यांचं 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र मी दर तीन-चार वर्षांनी वाचतो. जुना हैदराबाद, तिथले दफ्तर, दौरे, माणसं. त्या राज्याविषयी केवळ राग किंवा केवळ हुरहूर असणाऱ्या दोघांनीही ते वाचावं.

सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य भारतात आलं. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राने असा कायदा केला तो १९६७ साली, म्हणजे बारा वर्षांनी. मराठवाड्याला मागास म्हणताना ही तारीख कुणी लक्षात ठेवत नाही. असो.

आता ज्यांच्याशिवाय नांदेडमध्ये पुस्तकाचा विषय निघूच शकत नाही त्यांच्याकडे येतो. नरहर कुरुंदकर. जन्म १९३२ चा, घर वसमतकडचं. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला उस्मानियात मराठी शिकवत. भाचा शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहिला आणि पुस्तकांत बुडाला. इतका, की परीक्षा बाजूलाच राहिली. इंटरला ते अनेकदा नापास झाले. नांदेडला आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात ते शिकवू लागले आणि पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादला, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

कुरुंदकरांची विद्वत्ता सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचा एक वेगळा गुण सांगायचा आहे. पुस्तक सांगावं कसं, हे त्यांना कळलं होतं. मराठीत प्रस्तावना म्हटली की पाठ थोपटणं ठरलेलं. लेखक कसा होतकरू आहे, पुस्तक कसं संग्राह्य आहे आणि शेवटी शुभेच्छा. कुरुंदकरांच्या प्रस्तावना तशा नाहीत. रणजित देसाई हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचे. त्यांच्या 'श्रीमान योगी'ला कुरुंदकरांनी लिहिलेलं एक दीर्घ पत्रच प्रस्तावना म्हणून छापलं आहे. कादंबरी १९६८ ची. पत्रात कादंबरीची तारीफ शोधायला गेलात तर निराश व्हाल. शिवाजी महाराज समजून घ्यायचे तर कोणते प्रश्न टाळता येत नाहीत, हे त्यात आहे. राजघराणी स्थापणारे पुष्कळ झाले. पण राजा गेल्यावर, त्याच्यामागून आलेला छत्रपतीही मारला गेल्यावर, औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला असताना, सामान्य माणसं वर्षानुवर्षं लढत राहिली, ती का? या प्रश्नापाशी ते वाचकाला नेऊन बसवतात. मग कादंबरी वाचताना आपण तो प्रश्न खिशात ठेवूनच वाचतो आणि लेखकाशीही भांडतो. आमच्या काकांच्या 'शेवट पटला नाही, तू बघ' याचीच ही थोर आवृत्ती, असं मला वाटतं.

त्यांचं 'धार आणि काठ' हे मराठी कादंबरीवरचं पुस्तक असंच आहे. कुठली कादंबरी वाचावी आणि वाचली तर काय म्हणून वाचावी, हे ते सांगतात. मी त्यातली काही मतं कधीच मान्य केलेली नाहीत. समासात पेन्सिलीने तशी नोंदही आहे. 'जागर' आणि 'शिवरात्र' या लेखसंग्रहांबद्दल एवढंच म्हणेन की, उजवे, डावे, हिंदू, मुसलमान, कोणीही ते वाचून पूर्ण खूश होऊन उठत नाही. नांदेडच्या वाचकाला ती सवय त्यांनी लावली.

लातूरकडे मात्र मी दुसऱ्या पुस्तकासाठी जातो. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरजवळचं धनेगाव. ज्या जमातीवर इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला होता, त्या जमातीतलं घर, ज्या घरात शाळेचा उंबरठा कुणी ओलांडला नव्हता. मग लातूरची सूतगिरणी आणि कामगारांची चळवळ. या पुस्तकाला प्रस्तावनेची गरज नाही. सफाईची अपेक्षा ठेवू नका, भाषा अंगावर येते. मी ज्या वाचनालयांचं एवढं कौतुक केलं त्यांच्या दारात ही माणसं कधी उभी होती का, हा प्रश्न मला या पुस्तकाने विचारला. दोन रात्रींच्या बोलीवर पुस्तक फिरायचं खरं, पण ते ठराविक वाड्यांतून. आमचे काका ही गोष्ट कधी बोलले नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही.

सध्या माझ्या उशाशी आहे ते अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. तिसऱ्यांदा वाचतोय. भालेराव त्या लढ्यात स्वतः होते आणि नंतर 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक झाले. त्यामुळे यात साक्षीदाराची आच आणि संपादकाची शिस्त दोन्ही आहेत. दोष सांगायचा तर नावांची दाटी. नवख्या माणसाला पहिल्या शंभर पानांत दम लागतो. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेली आहे आणि तिच्या आतल्या पानावर कुणीतरी निळ्या शाईत आपल्या गावातल्या दोन सैनिकांची नावं लिहून ठेवली आहेत. पुस्तकात ती सुटली होती म्हणून. त्या वाचकाने आपलं नाव मात्र लिहिलेलं नाही.

तर मुखेडच्या त्या मुलीला काय सांगावं? भालेरावांचं पुस्तक परीक्षेच्या धामधुमीत जड झालं असतं. 'उचल्या' सुचवावंसं वाटत होतं, पण ते ती पुढे वाचेलच असं मनाने घेतलं. शेवटी 'श्रीमान योगी' पाठवलं आणि सोबत काकांच्या पद्धतीची एकच ओळ लिहिली : "प्रस्तावना सोडू नकोस. लिहिणारा माणूस इंटरला नापास झालेला होता."

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. परीक्षा झाली होती. मी विचारलं, "कादंबरी कशी वाटली?"

म्हणाली, "सर, कादंबरी अजून सुरूच नाही केली. प्रस्तावनाच दोनदा वाचली. पण एक मुद्दा मला पटला नाही. सांगू का?"

मी म्हटलं, "थांब, कागद घेतो."