विषाणूपाठोपाठ फुप्फुसात शिरणारी बुरशी

इन्फ्लुएन्झा किंवा कोविडमुळे न्यूमोनिया होऊन अतिदक्षता विभागात दाखल झालेला रुग्ण काही दिवस उपचारांना प्रतिसाद देतो आणि मग त्याची प्रकृती पुन्हा ढासळू लागते. ताप परततो, प्राणवायूची गरज वाढते, प्रतिजैविके बदलूनही उतार पडत नाही. मूळ विषाणूचा जोर वाढला असावा किंवा जिवाणूंचा नवा संसर्ग झाला असावा, अशी शंका प्रथम येते. काही रुग्णांत मात्र कारण तिसरेच असते. विषाणूने जर्जर केलेल्या फुप्फुसात बुरशीने मूळ धरलेले असते. वैद्यकशास्त्रात या विकाराची नोंद जुनी असली, तरी त्याचे गांभीर्य गेल्या दोन दशकांतच नीट उमगले आहे.

बुरशी कोणती?

या संसर्गास बहुतांशी ‘ॲस्परजिलस’ वंशातील बुरशी, विशेषतः ‘ॲस्परजिलस फ्युमिगॅटस’ ही प्रजाती कारणीभूत असते. इटालियन धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अंतोनियो मिकेली यांनी १७२९ मध्ये या वंशाचे नामकरण केले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला तिचा आकार त्यांना चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनासारखा वाटला. त्या साधनाचे लॅटिन नाव ‘ॲस्परजिलम’. गोव्यातील वाचकांना ते साधन परिचयाचे आहे.

ही बुरशी कुजणारा पालापाचोळा, खताचे ढीग, माती, धूळ आणि ओलसर भिंती अशा सर्व ठिकाणी आढळते. तिचे बीजाणू अवघे दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाएवढे असतात. त्यामुळे ते श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपण प्रत्येकजण दररोज असे शेकडो बीजाणू आत घेतो आणि आपल्याला काहीही होत नाही. श्वासनलिकेतील चिकट स्राव व सूक्ष्म केसतंतू त्यांना बाहेर ढकलतात, वायुकोशांतील भक्षक पेशी उरलेल्यांना गिळतात. त्यातूनही एखादा बीजाणू रुजलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्या तंतूंचा नाश करतात.

विषाणू वाट कशी मोकळी करतो?

इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वसनमार्गाचे अस्तरच उद्ध्वस्त करतो. केसतंतू नष्ट होतात, उघड्या पडलेल्या ऊतींना बीजाणू चिकटतात आणि संरक्षक पेशींची बुरशीशी लढण्याची क्षमता मंदावते. दाह आटोक्यात ठेवण्यासाठी दिलेली स्टेरॉइड औषधे ही क्षमता आणखी घटवतात. रुजलेल्या बुरशीचे तंतू रक्तवाहिन्या भेदतात, तेथे गुठळ्या होतात आणि रक्तपुरवठा तुटलेला भाग मृत होतो. काही रुग्णांत श्वासनलिकेच्या आतील बाजूस व्रण व पांढुरके पापुद्रे दिसतात. हा प्रकार विशेष घातक मानला जातो.

स्टेरॉइडच्या बाबतीत डॉक्टरांपुढे खरा पेच असतो. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले, की कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांत डेक्सामेथासोनमुळे मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. म्हणजे जे औषध जीव वाचवते, तेच बुरशीला वावही देते. त्यामुळे योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत आणि मर्यादित दिवसच ते देणे हाच मार्ग उरतो.

आकडे काय सांगतात?

इन्फ्लुएन्झानंतरच्या ॲस्परजिलस संसर्गाचे वर्णन १९५२ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आले होते. पण तो दुर्मीळ अपवाद समजला गेला. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर असे रुग्ण वारंवार आढळू लागले. बेल्जियम व नेदरलँड्समधील सात अतिदक्षता विभागांचा २००९ ते २०१६ या काळाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इन्फ्लुएन्झाच्या ४३२ गंभीर रुग्णांपैकी ८३ जणांना, म्हणजे १९ टक्के रुग्णांना, हा संसर्ग झाल्याचे आढळले. बुरशीचा संसर्ग झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले, तर संसर्ग न झालेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती आधीपासून दुबळी नव्हती, अशांपैकीही १४ टक्के रुग्णांना बुरशीने गाठले होते. तोवर हा आजार मुख्यतः रक्ताचा कर्करोग किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा मानला जात असे. या अभ्यासाने तो समज मोडीत काढला.

कोविडच्या बाबतीत चित्र तितके स्पष्ट नाही. निरनिराळ्या रुग्णालयांनी नोंदवलेले प्रमाण काही टक्क्यांपासून सुमारे एक तृतीयांशापर्यंत बदलते. निदानाचे निकष सर्वत्र सारखे नसणे हे त्याचे एक मोठे कारण होय. शवविच्छेदनांच्या एकत्रित आढाव्यात ६७७ मृतांपैकी केवळ ११ जणांच्या ऊतींत अशा आक्रमक बुरशीचा निर्विवाद पुरावा सापडला. इन्फ्लुएन्झात ही बुरशी दाखल होतेवेळी किंवा पहिल्या काही दिवसांतच दिसते, तर कोविडमध्ये ती बहुधा आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा प्रकट होते.

निदान अवघड का?

क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनमध्ये विषाणूने केलेली हानी आणि बुरशीने केलेली हानी वेगळी ओळखणे कठीण असते. थुंकीत बुरशी सापडली, तरी ती निव्वळ श्वासमार्गात वास्तव्याला असू शकते. तिने आक्रमण केलेच आहे, असे त्यावरून ठरत नाही. म्हणून दुर्बिणीद्वारे फुप्फुसात द्रव सोडून तो परत खेचतात आणि त्यात ‘गॅलॅक्टोमॅनन’ हा बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक शोधतात. ही चाचणी रक्तातही होते, पण कोविडच्या बऱ्याच रुग्णांत रक्तचाचणी नकारात्मक येते. २०२० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने कोविडशी निगडित संसर्गासाठी ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ व ‘शक्य’ अशा तीन पायऱ्यांचे निकष ठरवले.

उपचार

व्होरिकोनॅझोल किंवा आयसाव्ह्युकोनॅझोल ही प्रथम पसंतीची औषधे होत. त्यांचा उपयोग होत नसेल, तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी दिले जाते. व्होरिकोनॅझोलचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि अन्य अनेक औषधांशी त्याचा विपरीत संयोग होतो. त्यामुळे रक्तातील त्याची पातळी तपासत राहावी लागते. ॲम्फोटेरिसिनमुळे मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. उपचार साधारणतः सहा ते बारा आठवडे चालतात.

औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीचे संकटही वाढते आहे. पिकांवरील बुरशीनाशके आणि ही औषधे एकाच रासायनिक कुळातील असल्याने शेतातच प्रतिरोधी वाण तयार होतात. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१२ मध्ये भारतातही असे वाण आढळल्याचे प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या घातक बुरशींच्या यादीत ॲस्परजिलस फ्युमिगॅटसचा समावेश सर्वोच्च गटात केला आहे.

‘काळी बुरशी’ वेगळी

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत भारतात गाजलेला म्युकरमायकोसिस हा निराळ्या बुरशींचा आजार. तिचा रंग काळा नसतो. ऊती मृत होऊन काळ्या पडतात, त्यावरून ते नाव रूढ झाले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्याची प्रमुख कारणे ठरली. तो मुख्यतः नाक, सायनस व डोळ्यांभोवती होत असला, तरी फुप्फुसांतही होतो. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर होते. व्होरिकोनॅझोल या बुरशीवर चालत नाही, म्हणूनच नेमकी बुरशी ओळखणे जीवनमरणाचे ठरते.

प्रतिबंध आणि नातेवाइकांसाठी

प्रत्येक रुग्णाला आधीच बुरशीरोधक औषध द्यावे का, याची युरोपात इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांवर चाचणी झाली. परंतु संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांत तो दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आतच आढळला होता. त्यामुळे प्रतिबंधाला फारसा अवसर उरला नाही आणि औषधाचा लाभ सिद्ध होऊ शकला नाही.

खरा प्रतिबंध त्याआधीच करावा लागतो. पश्चिम किनारपट्टीवर इन्फ्लुएन्झाचा जोर प्रामुख्याने पावसाळ्यात असतो. ज्येष्ठ नागरिक, मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि हृदय वा फुप्फुसांचे विकार असलेल्यांनी त्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी. जुनी औषधचिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड आणू नये. आजारपणात रक्तातील साखर नियमित तपासावी. रुग्णालयांनी अतिदक्षता विभागाजवळील बांधकामाची धूळ रोखणे आणि हवा गाळण्याची यंत्रणा सुस्थितीत ठेवणे आवश्यक आहे.

हा संसर्ग रुग्णाकडून भेटीस येणाऱ्यांना होत नाही, त्यामुळे भीतीपोटी रुग्णाला एकाकी टाकू नये. प्रकृती सुधारून पुन्हा बिघडली किंवा थुंकीतून रक्त पडू लागले, तर ‘बुरशीची तपासणी झाली आहे का?’ असा प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. रुग्णाला आधीपासून मधुमेह असल्यास, तसेच तो पूर्वी स्टेरॉइड घेत असल्यास, त्याची माहिती दाखल करतानाच द्यावी.