फुग्यांपासून टायरपर्यंत

सचिनच्या बॅटवरचं ‘एमआरएफ’ आपल्या सोसायटीतल्या सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यामागची गोष्ट एका बुडालेल्या बँकेपासून सुरू होते, म्हणून माझ्यासारख्या बँकवाल्याला ती जास्त भिडते.

१९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली. ती चालवणारे के. सी. मामन माप्पिल्लई तुरुंगात गेले, घराण्याची रया गेली. त्यांचे चिरंजीव के. एम. मामन माप्पिल्लई यांनी १९४६ साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनवायला घेतले. १९५२ पासून झिजलेल्या टायरवर चढवायचं रबर सुरू केलं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मॅन्सफिल्ड कंपनीच्या सहकार्याने टायर निघाले आणि १९६७ मध्ये ते थेट अमेरिकेत विकायला गेले! पुढे आपल्या शेजारी गोव्यातही, उसगावला, कारखाना झाला.

नोकरीत असताना रबरी वॉशर बनवणाऱ्या एका तरुणाचा अर्ज मी ‘तारण अपुरे’ असा शेरा मारून परत केला होता. नियमाने बरोबरच होतं. तरी ही गोष्ट वाचली की त्याचा चेहरा आठवतो. कागद मी नीट तपासले, माणूस तपासायचा राहिला.

पंचवीस वर्षांपूर्वी आपणही एकमेकांच्या भरवशावरच शेअरचे पैसे भरले होते ना?