ब्रिटनमधील आशियाई विद्यार्थी : साचेबंद प्रतिमा व अनुभव

ब्रिटनमधील शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांत शिकणाऱ्या आशियाई वंशाच्या मुलामुलींविषयी रूढ झालेल्या ठोकळेबाज समजुती आणि त्या समजुतींच्या सावलीत वाढताना या मुलांना येणारे अनुभव, असा या नोंदीचा विषय आहे. ‘गणितात हुशार’, ‘अबोल’, ‘घोकंपट्टी करणारा’, ‘इंग्रजी कच्चे असलेला’, ‘घरच्या धाकात वाढलेली’, ‘संशयित’ ही त्या प्रतिमांची ठळक रूपे होत. त्यांपैकी काहींत स्तुती आहे, तर काहींत उघड तिरस्कार. परिणाम मात्र सारखाच होतो : मूल बोलण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे मत ठरून गेलेले असते.

व्याप्ती : ब्रिटनमध्ये ‘एशियन’ म्हटले की प्रामुख्याने भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाचे लोक डोळ्यांपुढे येतात. जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न प्रथम १९९१ मध्ये विचारला गेला. इंग्लंड व वेल्समध्ये चिनी वंशाच्या लोकांचा समावेश ‘आशियाई’ या वर्गात २०११ पासून होऊ लागला. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे आशियाई वंशाचे सुमारे ५५ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या ९.३ टक्के होते. पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती व्यापारी, मंगला धरणामुळे विस्थापित होऊन ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत आलेले मीरपुरी, सिल्हेटहून पूर्व लंडनच्या शिवणकारखान्यांत आलेले बांगलादेशी, पंजाबी कामगार, हाँगकाँगची उपाहारगृहवाली कुटुंबे आणि रुग्णालयांत रुजू झालेले महाराष्ट्रीय डॉक्टर असे एकमेकांशी फारसे साम्य नसलेले लोक या एका शब्दाखाली मोडतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हिंदी विद्यार्थ्याविषयीचे कुतूहल व संशय ही दोन्ही साम्राज्यकाळापासून चालत आली आहेत. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात राहून १८९२ मध्ये विशेष परवानगीने कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांना पदव्या देण्यास त्या विद्यापीठाची तेव्हा तयारी नसल्याने त्यांना पदवी मिळाली ती १९२२ मध्ये. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये पहिल्या क्रमांकाचे (विभागून) मानकरी ठरले आणि महाराष्ट्रात ‘रँग्लर’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

यानंतर दहाच वर्षांनी वारे फिरले. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये अभियांत्रिकीचा विद्यार्थी मदनलाल धिंग्रा याने कर्झन वायली या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. हायगेट येथील इंडिया हाऊस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाशी संबंध असलेले विद्यार्थी पोलिसांच्या पाळतीखाली आले. वि. दा. सावरकर यांनी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा केला होता, तरी त्यांना सनद नाकारण्यात आली. त्याच वर्षी हिंदी विद्यार्थ्यांसाठी इंडिया ऑफिसतर्फे शैक्षणिक सल्लागार नेमला गेला. ही व्यवस्था मदतीची म्हणून मांडली गेली. विद्यार्थ्यांना ती नजर ठेवण्याची सोय वाटे. बुद्धीचे कौतुक आणि निष्ठेविषयी शंका यांची ही जोडी पुढील शतकातही सुटली नाही.

शाळांतील धोरणे (१९६० ते १९८५) : दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कुटुंबांची मुले १९६० नंतर मोठ्या संख्येने शाळांत दिसू लागली. पश्चिम लंडनमधील साउथॉलमध्ये १९६३ साली गोऱ्या पालकांनी पंजाबी मुलांच्या वाढत्या संख्येबद्दल तक्रार केली. १९६५ मध्ये शिक्षण खात्याने ७/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढले. कोणत्याही शाळेत स्थलांतरितांची मुले सुमारे एक-तृतीयांशापेक्षा अधिक नसावीत, असा त्याचा आशय होता. साउथॉल व ब्रॅडफर्ड येथे या धोरणाची अंमलबजावणी बसगाड्यांनी झाली. पाच-सहा वर्षांची मुले सकाळी ठरलेल्या थांब्यावर गोळा होत आणि कित्येक मैल दूरच्या शाळेत नेली जात. परतीची बस ठरलेल्या वेळी सुटत असल्याने शाळेनंतरचे खेळ व मंडळे त्यांना दुरावली. मूल आजारी पडले तर गाडी नसलेल्या आईला शाळेपर्यंत पोहोचणे अवघड जाई. ब्रिटनमध्येच जन्मलेली, इंग्रजी अस्खलित बोलणारी आशियाई मुलेही त्याच बसमध्ये बसवली गेली. भाषेची अडचण हे कारण सांगितले जात होते, निवड मात्र वंशावरून होत होती. ही पद्धत १९८० च्या सुमारास मोडीत निघाली.

बर्मिंगहॅममधील एका खाजगी शाळेने केस कापून पगडी उतरवल्याशिवाय शीख मुलाला प्रवेश देण्यास नकार दिला. त्यावरील ‘मंडला विरुद्ध डॉवेल-ली’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ मध्ये शीख हा वांशिक गट असल्याचा निर्वाळा दिला आणि १९७६ च्या वंशसंबंध कायद्याचे संरक्षण शिखांना लाभले. वांशिक अल्पसंख्य मुलांच्या शिक्षणाविषयीच्या स्वॉन समितीच्या १९८५ च्या अहवालात आशियाई मुलांची सरासरी कामगिरी गोऱ्या मुलांच्या बरोबरीची, पण बांगलादेशी मुलांची फारच मागे असल्याचे आढळले. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलच्या आवारात अहमद इक्बाल उल्ला या तेरा वर्षांच्या मुलाचा एका गोऱ्या विद्यार्थ्याने खून केला. या घटनेच्या चौकशीने शाळांतील वंशद्वेष हा पोरांच्या भांडणापुरता विषय नसल्याचे देशासमोर आणले. अहमदच्या नावाचे वंशसंबंधविषयक संदर्भ केंद्र आज मँचेस्टरमध्ये आहे.

प्रतिमांचे प्रकार : (१) आदर्श विद्यार्थी. ‘मॉडेल मायनॉरिटी’ ही कल्पना अमेरिकेत विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाच्या १९६६ च्या लेखापासून रूढ झाली. ब्रिटनमध्ये ती भारतीय व चिनी मुलांना लागू केली जाते. (२) अबोल, दबलेली मुलगी. आशियाई मुलीचे लवकर लग्न लावून देणार, असे गृहीत धरून तिच्या शिक्षणाविषयी कमी अपेक्षा ठेवण्याच्या वृत्तीवर अवतार ब्राह यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून टीका केली. (३) संशयित तरुण. क्लेअर अलेक्झांडर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण लंडनमधील बांगलादेशी मुलांच्या साध्या मित्रमंडळाला ‘टोळी’ कसे ठरवले जाते, ते दाखवले. २००१ व २००५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर मुस्लिम मुलांवरील नजर अधिक कडक झाली, आणि २०१५ मध्ये ‘प्रिव्हेंट’ धोरणाखाली विद्यार्थी अतिरेकी विचारांकडे ओढला जाऊ नये याची दक्षता घेण्याचे कायदेशीर कर्तव्य शाळांवर आले. (४) परदेशी विद्यार्थी. शिकायला नव्हे, नोकरीसाठी आलेला, अशी ही प्रतिमा व्हिसाच्या राजकारणातून घडली आहे.

संशोधनातून दिसणारा अनुभव : सेसिल राइट यांनी १९९२ च्या आपल्या अभ्यासात प्राथमिक शाळांचे वर्ग जवळून पाहिले. मुलांना इंग्रजी येत नसणार असे धरून शिक्षक आशियाई मुलांशी अगदी बाळबोध भाषेत बोलत आणि गटचर्चेत त्यांना वगळत. त्यातही मुलींकडे जवळजवळ लक्षच जात नसे. मुलगी गप्प बसते म्हणून तिला विचारायचे नाही, आणि विचारले जात नाही म्हणून ती गप्प, असे हे चक्र होते.

लुईस आर्चर व बेकी फ्रान्सिस यांनी २००० नंतरच्या दशकात लंडनमधील चिनी वंशाचे विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्या मुलाखती घेतल्या. शिक्षक या मुलांची स्तुती करत, पण त्याच दमात ती ‘फार शांत’, ‘यंत्रवत’, ‘घरच्या दडपणाखालची’ असल्याचेही म्हणत. गुण मिळाले तरी ते ‘योग्य रीतीने’ मिळाले नाहीत, असा त्याचा अर्थ होई. मुलांनी मात्र वर्णद्वेषी शेरे आणि मुलग्यांना कुंग-फूवरून डिवचले जाणे यांविषयी सांगितले. हुशारीची ख्याती त्यांना त्रासापासून वाचवत नव्हती. उलट शिक्षकांना त्यांचा त्रास दिसेनासा होत होता. फर्जाना शेन यांनी २००३ मध्ये आशियाई मुलींचे वागण्याचे चार मार्ग नोंदवले : एकजुटीने प्रतिकार करणाऱ्या, अभ्यासावर लक्ष ठेवून निभावून नेणाऱ्या, घरच्या चालीरीतींविरुद्ध बंड करणाऱ्या आणि धर्मातून ओळख घडवणाऱ्या. ‘दबलेली मुलगी’ या एकाच चित्रात यांपैकी कोणीही पुरती मावत नाही.

सायमन बर्जेस व एलन ग्रीव्ह्ज या अर्थशास्त्रज्ञांनी अकरा वर्षांच्या मुलांचे दोन निकाल ताडून पाहिले : बाहेरच्या परीक्षकाने तपासलेली परीक्षा आणि वर्गशिक्षकाचे मूल्यमापन. परीक्षेतील कामगिरीच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना शिक्षक कमी लेखत, तर भारतीय व चिनी मुलांना अधिक वरचे मानत, असे आढळले. हा लाभ वरवर सुखाचा वाटतो. पण अभ्यासात अडखळणाऱ्या भारतीय मुलाची अडचण त्यामुळे उशिरा लक्षात येण्याचा धोका असतो, आणि त्याच तराजूत दुसऱ्या मुलावर अन्याय होतो.

विद्यापीठांतही चित्र फारसे वेगळे नाही. समता व मानवाधिकार आयोगाच्या २०१९ च्या चौकशीत वांशिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांपैकी २४ टक्क्यांनी वांशिक छळ अनुभवल्याचे सांगितले. करोनाच्या साथीत चिनी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांवर रस्त्यांत हल्ले झाले. समाजांतर्गत साचेही आहेत : नव्याने आलेल्याला ब्रिटनमध्ये वाढलेली आशियाई मुले ‘फ्रेशी’ म्हणून हिणवतात, तर गोऱ्यांत मिसळणाऱ्याला ‘कोकोनट’ म्हटले जाते.

यशाची कारणे व सरासरीचा पडदा : सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत चिनी व भारतीय गट सातत्याने सर्वांत पुढे असतात, हे खरे आहे. ते ‘संस्कृती’मुळे, असे सरसकट म्हणणे मात्र अपुरे ठरते. भारतातून डॉक्टर, अभियंते, संगणकतज्ज्ञ आले ते व्हिसाच्या चाळणीतून निवडून. त्यांच्या मुलांच्या हाती शिक्षित घराचे भांडवल पहिल्या दिवसापासून होते. बांगलादेशी मुलांची वाटचाल या बाबतीत बोलकी आहे. त्यांची मोठी वस्ती असलेला टॉवर हॅम्लेट्स हा विभाग १९९७ मध्ये इंग्लंडच्या १४९ शिक्षण प्राधिकरणांत शेवटचा होता. निधी, चांगले शिक्षक, पालकांशी जोडलेला संपर्क व शाळांकडून ठेवलेली उच्च अपेक्षा यांच्या बळावर २०१० नंतर तो देशाच्या सरासरीच्या वर गेला. घरचे संस्कार तेच होते. बदलल्या त्या शाळा.

मराठी कुटुंबे : महाराष्ट्र मंडळ, लंडन ही संस्था १९३२ पासून कार्यरत असून तिची वास्तू डॉलिस हिल येथे आहे. १९६० व ७० च्या दशकांत डॉक्टर आणि २००० नंतर संगणक क्षेत्रातील नोकरदार यांमुळे मराठी वस्ती वाढली. सरकारी आकडेवारीत ही मुले ‘भारतीय’ या रकान्यात विरून जातात. जीसीएसईला गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू हे विषय घेता येतात, मराठी घेता येत नाही. त्यामुळे रविवारच्या मराठी शाळेत मिळवलेले प्रावीण्य त्यांच्या गुणपत्रिकेवर उमटत नाही. इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर शाळा उरल्या आहेत. त्यांच्या ‘इलेव्हन प्लस’ प्रवेशपरीक्षेची तयारी अनेक घरांत दोन-दोन वर्षे चालते. बाहेरून तिला घोकंपट्टी म्हटले जाते. घरातही एक साचा तयार असतो : डॉक्टर, इंजिनिअर, फार तर वकील. ज्या मुलीला नाटक किंवा इतिहास शिकायचा आहे तिला वर्गातील अपेक्षा आणि दिवाणखान्यातील अपेक्षा या दोन्हींना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी थेट येणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. जून २०२२ अखेरच्या वर्षात विद्यार्थी व्हिसा मिळवणाऱ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. शिक्षणानंतर काम करण्याची मुभा देणारा ‘ग्रॅज्युएट रूट’ जुलै २०२१ पासून सुरू झाला. जानेवारी २०२४ पासून बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीय आणण्यास बंदी झाली. सत्रकाळात आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत काम करून भाडे भागवणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहताना, त्याने भरलेल्या भरमसाट शुल्कावर विद्यापीठांचा ताळेबंद टेकला आहे, हे विसरले जाते.

साहित्य व माध्यमे : हनीफ कुरेशी यांची ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ (१९९०) व मीरा स्याल यांची ‘अनिता अँड मी’ (१९९६) या कादंबऱ्यांनी ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मुलांना स्वतःचा आवाज दिला. बीबीसीवरील ‘गुडनेस ग्रेशस मी’ ही मालिका १९९८ मध्ये रेडिओवरून दूरचित्रवाणीवर आली. मुलांच्या यशावरून चढाओढ करणाऱ्या तिच्यातील आया घराघरांत ओळखीच्या झाल्या. गुरिंदर चढ्ढा यांच्या ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ (२००२) या चित्रपटाची नायिका फुटबॉल खेळते. स्वतःच्या समाजावर हसण्याचा आणि त्याची गुंतागुंत दाखवण्याचा हक्क या कलावंतांनी मिळवला.

उपाय व सद्यस्थिती : २०१० चा समता कायदा वंशावरून होणाऱ्या भेदभावास शाळा व विद्यापीठांत मनाई करतो. ‘आशियाई’ असा एकच आकडा न देता गटवार आकडे देणे, उत्तरपत्रिका नाव झाकून तपासणे आणि वंशद्वेषी घटनांची शाळेत नोंद ठेवणे, हे उपयोगी ठरलेले मार्ग आहेत. विद्यापीठ प्रवेश मात्र अजूनही शिक्षकांनी वर्तवलेल्या अंदाजी गुणांवर चालतो. निकालानंतर प्रवेश देण्याची योजना सरकारने २०२२ मध्ये सोडून दिली. शिक्षकाच्या अंदाजात समजुतींचा शिरकाव होतो, हे संशोधनाने दाखवले असताना हा निर्णय चिंतेचा आहे. आशियाई मुलांना अधिक कौतुकाची गरज नाही, तशी दयेचीही नाही. त्यांच्या वहीतील काम वाचून मग मत बनवावे आणि चुकण्याचा, मागे पडण्याचा, वेगळी वाट धरण्याचा अधिकार इतर मुलांइतकाच त्यांनाही मिळावा, ही त्यांची रास्त मागणी आहे.