हवेच्या वजनाची वही

हवेला वजन असतं हे आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. माझी मात्र रोजीरोटीच दाब मोजण्यावर चालली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून तीसेक वर्षं काढली. नोकरीला लागलो तेव्हा दाबाची नोंद गोल कागदी चार्टवर शाईच्या पेनाने व्हायची. रोज सकाळी चार्ट बदलायचा, पेनात शाई भरायची. पुढे चार ते वीस मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर आले, मग एकाच जोडवायरवर तीसेक उपकरणं बोलू लागली, आणि शेवटी प्रत्येक डबीला स्वतःचा आयपी पत्ता मिळाला. सोळा नळ्या जोडा, नेटवर्कची केबल लावा, की सोळा दाब संगणकावर हजर!

ठिकठिकाणी दाब मोजायचा, तो दूर पाठवायचा आणि एका जागी गोळा करायचा ही कल्पना मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. तिचा बराचसा इतिहास तर आपल्या खाडीच्या अल्याड-पल्याडच घडलेला आहे. आज त्याबद्दल लिहायचं मनात आहे.

निमित्त घरच्या यंत्राचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं. टाळेबंदीचे दिवस, सगळे टीव्हीवरच्या नकाशाला डोळे लावून बसलेले. वादळ ओसरल्यावर मी खारघरच्या घरी एक छोटं यंत्र जोडायला घेतलं. साबुदाण्याएवढा दाबाचा सेन्सर, त्याला वाय-फायचा बोर्ड, आणि कपाटावर एक लहानसा संगणक. दर मिनिटाला एक आकडा, म्हणजे दिवसाला १,४४०. जोडणीला एक संध्याकाळ पुरली. त्या आकड्याला अर्थ यायला मात्र काही महिने लागले. कारण चार प्रश्न आधी सोडवावे लागतात: यंत्र किती उंचीवर आहे? घड्याळ कोणाचं? तापमान किती? आणि खरंखोटं कोणाशी ताडून बघायचं?

हेच चार प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत कुलाब्याला काही माणसांपुढे होते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली. सुरुवातीचा हेतू खगोलाचा आणि अचूक वेळेचा. १८४१ पासून तिथे चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांनी १८४० च्या सुमारास साहाय्यक म्हणून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घेतला. तो अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढचे केरूनाना, टिळकांचे गणिताचे गुरू. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडात नळीतल्या पाऱ्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, असं ते काम. आमच्या डबीला चहा लागत नाही आणि झोपही येत नाही, एवढाच फरक!

आता ते चार प्रश्न. उंचीचं बघा. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर चढलं की दाब एक हेक्टापास्कलने (जुन्या भाषेत एक मिलिबारने) कमी होतो. माझं यंत्र हातात धरून लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलो की अडीच-तीन हेक्टापास्कल गायब. म्हणजे उंची न लिहिता नुसता दाब लिहिणं हे तराजूचं पारडं न सांगता वजन सांगण्यासारखं आहे.

तापमानाचं त्याहून गमतीचं. पारा उष्णतेने फुगतो. तिशीतल्या मुंबईच्या तापमानाला पाऱ्याच्या वायुभारमापकात सुमारे पाच हेक्टापास्कलची वजावट करावी लागते. दिवसभरात दाबात होणारा नेहमीचा चढउतार याहून कमी असतो! म्हणून जुन्या वायुभारमापकाला एक थर्मामीटर कायमचा जोडलेला असायचा आणि प्रत्येक वाचनाशेजारी त्याचाही आकडा लिहायचा. माझ्या साबुदाण्याच्या पोटातही एक तापमानाचा सेन्सर आहे, नेमका त्याच कामासाठी.

घड्याळाची गोष्ट तर मोठीच आहे. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात चुंबकीय निरीक्षकांचा एक संघ उभा केला होता. ठरलेल्या दिवशी, जगात कुठेही असा, ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे वाचन घ्या, असा त्यांचा नियम. केबल नाही, तार नाही, तरी ते नेटवर्कच होतं. मुंबईत तर वेळेचा वेगळाच घोळ. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण ३९ मिनिटं मागे चालणारा 'मुंबई टाईम' शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. जुनी नोंद कोणत्या वेळेची आहे हे वहीवर लिहिलेलं नसेल, तर ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याच नोंदीशेजारी ठेवता येत नाही.

माझ्या यंत्राचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं. पण हवेचंही एक घड्याळ असतं, ते हे यंत्र लावल्यावर पहिल्या आठवड्यातच दिसलं. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास वर असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. भरती-ओहोटीसारखंच. वादळ जवळ आलं की ही रोजची लय बिघडते. आलेखावरची ती लाट बघायला मला अजून कंटाळा येत नाही.

राहिला चौथा प्रश्न, ताडून बघण्याचा. तो किती महाग पडतो हे कलकत्त्याने शिकवलं. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात तिथे हजारो माणसं मेली. त्यानंतर प्रांतोप्रांती हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या खऱ्या, पण प्रत्येकाची पद्धत आपापली. त्यांचा एक नकाशा होईना. १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे सगळ्यांना एका मापात आणण्याचं काम आलं. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. १८७७ साली पाऊस रुसला तेव्हा दाब नेहमीपेक्षा जास्त होता, आणि तोही फार मोठ्या प्रदेशावर, हे या ताडून घेतलेल्या आकड्यांतूनच दिसलं. मुंबईच्या फ्रेडरिक चेंबर्स यांनी १८८० साली मुंबई, बटाव्हिया, मॉरिशस अशा दूरदूरच्या ठिकाणचे दाब शेजारी मांडून दुष्काळाचा माग काढायचा प्रयत्न केला. त्यांनी जोडलेलं सौरडागांचं नातं टिकलं नाही, पण महासागरापल्याडचा दाब आपल्या पावसाशी बांधलेला आहे हा धागा पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी पकडला. आज आपण एल निनोच्या बातम्या वाचतो त्यामागे ही आकडेमोड आहे.

मला सगळ्यात आवडते ती ट्रामची गोष्ट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या जागेवरचे पहिले भारतीय. चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवायचं ठरलं. पण जुनी बंद करून नवी सुरू, असं झालं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही वेधशाळा बरोबरीने चालवल्या. दोन्हीकडच्या आकड्यांत किती फरक पडतो ते समजल्यावरच कुलाब्याचं काम थांबलं. ट्राम धावली १९०७ साली. कारखान्यात जुना ट्रान्समीटर काढून नवा बसवताना 'दोन्ही महिनाभर शेजारी चालू दे' म्हटलं की वरचे लोक घड्याळ दाखवायचे. त्यांना मूससाहेब सांगायला हवे होते.

या चिकाटीचं फळ कधी मिळेल ते सांगता येत नाही. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या गोंधळात नेहमीपेक्षा जास्त वेळा वाचनं घेतली आणि लिहून ठेवली. ते आकडे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात वापरले गेले आणि त्या वादळाचं मोजमाप झालं. त्या निबंधाच्या लेखकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते. कुलाबा-अलिबागचा वारसा सांभाळणाऱ्या या संस्थेचं मुख्यालय आज आपल्या नवीन पनवेलला आहे. वहीतल्या ओळी १४४ वर्षं कोणाची तरी वाट बघत होत्या म्हणायचं.

दाबाचीही अशीच एक जोडी आहे. २७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. बटाव्हियाच्या गॅस कारखान्यातल्या दाबाच्या नोंदीवर धक्का उमटला (एका कारखान्यातल्या माणसाने दुसऱ्या कारखान्याला नमस्कार करावा अशी ही जागा) आणि स्फोटाची वेळ ठरवायला तोच उपयोगी पडला. हवेतली लाट पृथ्वीला पुन्हा पुन्हा वळसे घालत पाच दिवस जगभरच्या वेधशाळांत उमटत राहिली. ते सगळे कागद गोळा करून रॉयल सोसायटीचा अहवाल निघायला १८८८ उजाडलं. १५ जानेवारी २०२२ ला, आपल्या किंक्रांतीच्या दिवशी, टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला. सुमारे १२,९०० किलोमीटर अंतर कापून रात्री नऊच्या पुढे ती लाट माझ्या यंत्रावरून गेली. लहानसाच उंचवटा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तीच लाट उलट बाजूने पृथ्वीला वळसा घालून परत आली. तोवर जगभरचे हौशी लोक आपापले आलेख एकमेकांना दाखवत होते.

हे सगळं हौसेपुरतं आहे असं वाटत असेल, तर विमानांचं बघा. वैमानिकाला उंची कळते ती दाबावरूनच. जमिनीवरून सांगितलेला दाब तो उंचीमापकात बसवतो. मे २०२२ मध्ये पॅरिसला १००१ ऐवजी १०११ असा आकडा सांगितला गेला. दहा हेक्टापास्कल म्हणजे सुमारे २८० फूट. धावपट्टी यायच्या आधीच ते विमान जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर पोचलं होतं. नशिबाने वर उचललं गेलं आणि सगळे सुखरूप उतरले. सेन्सर बरोबर, नेटवर्क बरोबर, चुकला फक्त एक उच्चार. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा माझ्या मनात आधी हाच आकडा आला.

आज घरोघरी, खिशातल्या फोनमध्येसुद्धा दाबाचे सेन्सर आहेत. आकड्यांना तोटा नाही. तुटवडा आहे तो आकड्याशेजारी लिहिण्याच्या ओळींचा. म्हणून कोणी असं यंत्र लावणार असाल तर एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर समुद्रसपाटीपासूनची उंची, घड्याळ कुठून जुळतं ते, सेन्सर कोणता आणि कधी बसवला, जागा कधी बदलली, एवढं लिहा. मुंबई विमानतळाचा जाहीर होणारा दाब दर महिन्याला आपल्याशी ताडून फरक लिहा. सेन्सर बदलाल तेव्हा जुना-नवा महिनाभर शेजारी चालवा. संगणक बिघडेल, कंपनी बंद पडेल, पासवर्ड विसरेल. वही राहील.

माझी सध्या तिसरी वही चालू आहे. नातवाला तिच्यात चित्रं काढायला मनाई आहे, एवढी एकच गोष्ट घरात थोडी वादग्रस्त आहे. असो.