तळटीप १४ : रोझारियम फिलॉसोफोरम

१४. ‘रोझारियम फिलॉसोफोरम’ : किमयाशास्त्रावरील हा लॅटिन ग्रंथ १५५० साली फ्रँकफर्ट येथे छापला गेला, जुन्या आचार्यांची वचने एकत्र करून रचलेल्या या संग्रहाची ख्याती मात्र मजकुरापेक्षा त्यातील २० काष्ठचित्रांवर टिकून आहे. त्यांत सूर्यरूपी राजा व चंद्ररूपी राणी यांचे मीलन, मृत्यू, देहातून जीवाचे वर जाणे आणि अखेर दोघांचे एकाच अर्धनारीनर देहात पुन्हा उठणे असा क्रम येतो. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१) याने १९४६ साली भावसंक्रमणावर, म्हणजे रुग्णाच्या मनातील जुन्या नात्यांच्या भावना उपचारकाकडे वळण्याच्या प्रक्रियेवर, जो ग्रंथ लिहिला, त्याची मांडणी याच मालिकेतील पहिल्या १० चित्रांवर आधारलेली आहे. किमयागार नकळत स्वतःच्याच अबोध मनाची घडामोड भट्टीतल्या द्रव्यांवर आरोपित करीत होते, असे त्याचे म्हणणे. विल्यम न्यूमन व लॉरेन्स प्रिन्सिपे या विज्ञान-इतिहासकारांना हे मान्य नाही. त्यांच्या मते किमयेतील अशी रूपके ही बहुधा धातू, पारा व गंधक यांच्यावरील प्रत्यक्ष क्रिया झाकणारी सांकेतिक नावे होत, आणि प्रिन्सिपे यांनी अशा काही कृती प्रयोगशाळेत करूनही दाखविल्या आहेत. हा आक्षेप वजनदार आहे. प्रस्तुत परिच्छेदात लेखकाने ‘राजा-राणीचे मीलन’ हे शब्द केवळ युंगच्या अर्थाने योजले आहेत. त्यावरून सोळाव्या शतकातील किमयागारांच्या हेतूविषयी वाचकाने अनुमान काढू नये. — संपा.